कोर्लईचं चर्च आणि 'नॉ लिंग'

अलिबागहून मुरुडला जाताना रेवदंड्याच्या पुढे कुंडलिकेची खाडी लागते. पूल ओलांडताना उजव्या हाताला समुद्रात घुसलेली एक लांबट टेकडी दिसते आणि तिच्या माथ्यावर कोर्लईचा किल्ला. बहुतेक गाड्या किल्ला आणि दीपगृह बघतात, नाहीतर न थांबता काशीदच्या किनाऱ्याकडे निघून जातात. टेकडीच्या पायथ्याशी गाव आहे. गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे. आणि या चर्चच्या लोकांच्या घरांत एक बोली बोलली जाते, जी जगातल्या दुसऱ्या कुठल्याच गावाची नाही. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. ते तिला 'क्रिस्ती' म्हणतात, किंवा नुसतं 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा'. अभ्यासकांच्या लेखी ती कोर्लई क्रिओल पोर्तुगीज.

पोर्तुगीजांनी कोर्लई १७४० मध्ये सोडली. म्हणजे गोव्याच्या मुक्तीच्या सव्वादोनशे वर्षं आधी. दमण आणि दीवमध्येही पोर्तुगीजपासून घडलेल्या बोली आहेत, पण तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य, कचेऱ्या आणि शाळा होत्या. कोर्लईत यातलं काहीच उरलं नव्हतं. सैन्य गेलं, व्यापारी गेले, किल्ला मराठ्यांकडे आला, मग इंग्रजांकडे गेला, आणि शेवटी ओस पडला. तरी भाषा राहिली. कशी? याचं उत्तर शोधायचं तर किल्ला उतरून खाली गावातल्या चर्चपाशी यावं लागतं.

चौलची पेठ

कोर्लईची गोष्ट खाडीच्या पलीकडे सुरू होते, चौलमध्ये. चौल हे कोकणातल्या जुन्या बंदरांपैकी एक. १५०८ मध्ये इथल्या खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं. व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेदा या लढाईत मारला गेला. पण पोर्तुगीज चिकाटीचे. निजामशाहीशी जुळवून घेत त्यांनी आधी वखार मिळवली आणि १५२१ मध्ये किल्ल्याचं काम सुरू केलं. आज ज्याला आपण रेवदंडा म्हणतो, ते या पोर्तुगीज चौलचं शहर. तिथला 'सातखणी' नावाने ओळखला जाणारा मनोरा हा एका मठाच्या चर्चचा उरलेला भाग आहे.

समोरच्या टेकडीवर, म्हणजे आजच्या कोर्लईवर, तोफा चढल्या तर चौल माऱ्यात येतं हे दोन्ही बाजूंना कळत होतं. बुऱ्हाण निजामशहाने तिथे किल्ला बांधायला घेतला आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला. किल्ल्यात एक चर्चही होतं. त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, छप्पर नाही.

अशा बंदरात राहणारी माणसं कोण होती? पोर्तुगालहून आलेले सगळेच काही सरदार नव्हते. बरेचसे साधे शिपाई आणि खलाशी. पोर्तुगालहून स्त्रिया फारशा येत नसत, आणि शिपायांनी इथल्या बायकांशी लग्न करून इथेच स्थायिक व्हावं हे आल्बुकर्कच्या काळापासूनचं धोरण होतं. या घरांत नोकर होते, गुलाम होते, नव्याने बाप्तिस्मा घेतलेली स्थानिक माणसं होती. मालकाचं पोर्तुगीज आणि चाकराची मराठी यांच्यात रोजच्या व्यवहारातून एक तिसरीच बोली तयार झाली. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज होते, पण पोर्तुगीज क्रियापदांची लांबलचक रूपावली तिने बरीच गाळून टाकली. व्याकरण शिकवायला तिथे कुणी बसलेलं नव्हतं. काम भागणं महत्त्वाचं होतं.

या व्यवहाराचे अवशेष आपल्याही तोंडात आहेत. चावी, पाव, बटाटा, काजू, पगार, लिलाव, घमेलं, बिजागरी, पाद्री हे शब्द वापरताना आपल्याला पोर्तुगीज आठवत नाहीत. मराठीने त्यांच्याकडून शब्द घेतले आणि स्वतः मराठी राहिली. चौलच्या त्या घरांनी पोर्तुगीज शब्दांवर अख्खी भाषा उभी केली.

मागे राहिलेली माणसं

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पुढच्या वर्षीच्या तहात चौल आणि कोर्लईही मराठ्यांना मिळाले. ज्यांच्याकडे पैसा आणि गोव्यात नातेवाईक होते ते जहाजात बसून निघून गेले. राज्य बदलताना हे नेहमीच होतं. वरचा थर उचलला जातो आणि खालचा जागच्या जागी राहतो. चौलच्या ख्रिस्ती समाजातली गरीब माणसं अशीच मागे राहिली, आणि खाडीच्या या बाजूला कोर्लईत त्यांची वस्ती झाली.

त्यांच्यापुढचा पेच नीट समजून घ्यायला हवा. ही बहुतेक खालच्या जातींतून, एकेकटी किंवा कुटुंबा-कुटुंबाने ख्रिस्ती झालेली माणसं. बाप्तिस्म्याबरोबर त्यांची जात तुटली होती. ज्या सत्तेच्या आश्रयाने त्यांनी नवा धर्म आणि नवी भाषा घेतली, ती सत्ता आता नव्हती. परत फिरावं तर जात दार उघडणार नाही, पुढे जावं तर गोव्याला जायचे पैसे नाहीत. गावात शेजारी कोळी होते, इतर हिंदू होते, मुसलमान होते. शेतावर, बाजारात, होडीवर सगळ्यांशी संबंध येत होता. पण रोटी आणि बेटी या दोन्ही गोष्टी कुंपणाच्या आतच राहिल्या.

कुंपण एका बाजूने जातीने घातलं होतं. दुसऱ्या बाजूने ते चर्चने घातलं होतं.

पॅरिश म्हणजे काय

आपल्याकडे चर्च म्हटलं की इमारत डोळ्यांसमोर येते. कॅथॉलिक व्यवस्थेत मूळ एकक इमारत नाही, पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका पाद्र्याच्या देखरेखीखालचा, हद्द ठरलेला समाज. मूल जन्मलं की बाप्तिस्मा पॅरिशमध्ये. लग्न पॅरिशमध्ये. मरण आलं की दफन पॅरिशच्या जमिनीत. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेपासून बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवणं पाद्र्याला बंधनकारक झालं. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी गावोगावची चर्चं हे काम करत होती.

लग्नाच्या वहीला आणखी एक अर्थ होता. १२१५ च्या लॅटरन परिषदेने चौथ्या पिढीपर्यंतच्या रक्ताच्या नात्यात लग्नाला मनाई केली होती. १९१७ च्या कायद्याने ती तिसऱ्या पिढीवर आणली. लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर पुकारा होई, म्हणजे कुणाला नातं ठाऊक असेल तर त्याने सांगावं. काही शे माणसांच्या वस्तीत, जिथे बाहेर सोयरीक होणं अवघड, तिथे हा नियम पाळणं म्हणजे कोण कुणाचा कोण हे सतत लक्षात ठेवणं. अडचण आलीच तर सूट मागायची सोय होती, पण ती मागण्यासाठीही नातं आधी मोजावं लागे. मी दिवसभर डेटाबेस हाताळतो, म्हणून मला ही वही ओळखीची वाटते. प्रत्येक माणूस एक नोंद, प्रत्येक लग्न दोन नोंदींना जोडणारी रेघ. फरक इतकाच की हे सगळं गावाच्या डोक्यात असे आणि वही फक्त साक्षीला.

अशा समाजात भाषा टिकायला वेगळी चळवळ लागत नाही. ज्या मुलीशी लग्न होतं ती घरातलीच बोली बोलत येते. गॉडमदर आणि गॉडफादर त्याच शंभर घरांतले. रविवारी मिस्साला तीच माणसं, गुड फ्रायडेला तीच, नोव्हेंबरात पितरांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायलाही तीच. कार्मेल मातेचा सण कॅलेंडरात १६ जुलैला येतो, कोकणात भाताच्या लावणीच्या आणि धो-धो पावसाच्या दिवसांत. वर्षाचं चक्र शेतीचं आणि चर्चचं असं दुहेरी फिरतं, आणि दोन्ही चक्रांत बोलायला माणसं तीच.

यात आणखी एक धागा होता. पूर्वेकडच्या चर्चमधल्या नेमणुकांचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. त्याला 'पद्रुआदो' म्हणत. राज्य गेलं तरी हा हक्क बराच काळ टिकला. कोर्लईच्या पाद्र्यांचा संबंध गोव्याशी राहिला. मिस्सा तेव्हा जगभर लॅटिनमध्येच होई, पण प्रार्थना आणि उपदेश पोर्तुगीजमध्ये होत. गावकऱ्यांना ती पुस्तकी पोर्तुगीज सगळी कळत असेलच असं नाही. तरी तिचे शब्द कानावर पडत राहिले. घरात जी बोली बोलतो तिची थोरली बहीण वेदीवरून बोलली जाते, ही जाणीव भाषेला मान देते. चर्चने कोर्लईला वस्ती आणि मान, दोन्ही दिलं.

जिथे भाषा गेली

हे स्पष्टीकरण तपासून बघायचं तर शेजारी बघावं. पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांतात', म्हणजे चौलपासून मुंबई, ठाणे, वसईपर्यंतच्या पट्ट्यात, अशाच बोली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ऐकू येत होत्या. गोव्यातल्या आसगावचे पाद्री आणि भाषापंडित सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये या उत्तरेच्या बोलीवर पुस्तक लिहिलं. त्यानंतर मुंबईत ती विरून गेली.

मुंबईत पॅरिश नव्हते का? भरपूर होते. पण मुंबईचं कुंपण खूप ठिकाणी उघडं होतं. १७२० मध्येच इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना मुंबईतून काढलं आणि इटालियन कार्मेलाइट पाद्र्यांना बोलावलं. पुढे जेझुइटांच्या शाळा आल्या, १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज आलं. कंपनीत, रेल्वेत, गोदीत नोकऱ्या इंग्रजीवर मिळत. त्यातच गोव्याहून पोर्तुगीज नावांचे नवे लोक नोकरीसाठी येऊ लागले. त्यांच्यापेक्षा आपण वेगळे आणि जुने आहोत हे दाखवण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, मुंबईच्या ख्रिस्ती लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. पोर्तुगीज ओळख आता अडचणीची झाली होती. ज्या समाजाला नाव बदलण्यात फायदा दिसतो, तो भाषाही बदलतो.

वसई याहून वेगळी. तिथे सामवेदी आणि वाडवळ समाज गटागटाने ख्रिस्ती झाले. त्यांची शेती, वाड्या, आपसातली सोयरीक आणि बोली सगळं त्यांच्याबरोबर चर्चमध्ये आलं. त्यामुळे वसईच्या गावांतल्या चर्चने सामवेदी आणि वाडवळी सांभाळल्या. मराठीला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखे लेखकही याच मातीतून मिळाले. म्हणजे चर्च कुठलीही एक ठरावीक भाषा राखत नाही. दारातून जो समाज आत येतो त्याची भाषा ते राखतं. कोर्लईत आत आलेल्या माणसांची मूळ बिरादरी तुटलेली होती. त्यांच्याजवळ एकमेकांत बोलायला चौलच्या पेठेत घडलेली ही एकच सामायिक भाषा होती.

मराठी आत कशी शिरली

कुंपण होतं म्हणून मराठी बाहेरच राहिली असं मात्र झालं नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी कोर्लईत येऊन या भाषेचा सविस्तर अभ्यास केला. १९९६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यातून जे दिसतं ते मराठी वाचकाला विशेष मौजेचं वाटेल.

पोर्तुगीजमध्ये कर्त्यानंतर क्रियापद येतं आणि कर्म शेवटी: 'मी खातो भात'. कोर्लईची बोली मराठीसारखी क्रियापद शेवटी ठेवण्याकडे सरकत गेली. पोर्तुगीजमध्ये 'घर पेद्रोचं' असं म्हणतात. कोर्लईत आधी पेद्रो, मग मालकी दाखवणारा प्रत्यय आणि मग घर, अगदी आपल्या 'पेद्रोचं घर'सारखं. सगळ्यात सुंदर गोष्ट क्रियापदांची. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन गण आहेत: आर, एर आणि इर यांनी शेवट होणारे. कोर्लईच्या बोलीने हे तीन आ, ए, ई असे ठेवले आणि एक चौथा उघडला, उकारान्त. मराठीतून घेतलेली क्रियापदं या चौथ्या गणात जातात. जुनी रचना न मोडता नव्यासाठी एक खण जोडायचा, हे चांगल्या प्रोग्रॅमरलाही नेहमी जमत नाही. इथे ते निरक्षर शेतमजुरांनी, कुणी न सांगता करून टाकलं.

म्हणजे या समाजाची मराठी कच्ची नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या ते दोन्ही भाषा बोलत आले. घरात आणि चर्चच्या आवारात एक, बाकी सगळीकडे दुसरी. दोन भाषांचे दोन पक्के प्रांत ठरलेले होते, म्हणून दोन्ही जगल्या.

चर्चचं दार मराठीत उघडलं

१९६० च्या दशकात हे प्रांत हलले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी धर्मपरिषद भरली आणि उपासना लोकांच्या भाषेत करायला तिने परवानगी दिली. लॅटिन मागे पडली. कोर्लईत लोकांची भाषा म्हणजे कुठली? कागदोपत्री उत्तर सोपं होतं. राज्य महाराष्ट्र, शाळा मराठी, प्रार्थनेची छापील पुस्तकं मराठी. पोर्तुगीज गेली आणि मराठी आली. 'नॉ लिंग' लिहिली जात नव्हती, तिच्यात बायबल नव्हतं, तिचा विचार करायला कुणाला कारण नव्हतं.

या बदलात चूक काढणं अवघड आहे. माणसाने देवाशी कळेल त्या भाषेत बोलावं हे कुणालाही पटेल. मराठी चर्चला नवीही नव्हती. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' हे ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं होतं. उलट १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढून कोकणी बोलण्यावर बंदी घालायचा आणि पोर्तुगीज लादायचा प्रयत्न केला होता. त्या इतिहासाच्या तुलनेत १९६० च्या दशकातला बदल उदार आणि न्याय्य आहे. तरीही कोर्लईच्या बोलीसाठी त्याचा परिणाम असा झाला की चर्चमधून मिळणारा शब्दांचा आणि मानाचा पुरवठा थांबला. बाहेरची भाषा वेदीवर जाऊन बसली. मराठीचा प्रांत वाढला, 'नॉ लिंग'कडे फक्त घर उरलं.

मग बाकीच्या भिंतीही खचत गेल्या. १९८० च्या दशकात खाडीवर पूल झाला आणि अलिबाग, मुंबई जवळ आली. साळावला कारखाना आला. पोरं शिकू लागली, नोकरीला बाहेर पडली, बाहेरच्या मुलींशी लग्नं जमू लागली. बाहेरून आलेल्या सुनेच्या तोंडी मराठी असेल तर घरातली भाषा मराठी होते. मग नातवंडांना 'नॉ लिंग' समजते, पण उत्तर ती मराठीत देतात. भाषा जाण्याची ही पायरी कुठल्याही खेड्यात अशीच असते.

कुणी काय सांभाळायचं

कोर्लईवर लिहिणारे बहुतेक जण इथे येऊन हळहळतात. वारसा चालला, काहीतरी केलं पाहिजे. मला ही हळहळ अर्धीच पटते. ही भाषा टिकली त्याची कारणं फारशी अभिमानाची नव्हती. जातीने दार लावलं होतं, गरिबीने जायला दिलं नाही, पूल नव्हता, लग्नाला पर्याय नव्हते. भाषेसाठी या समाजाने पुन्हा तसं राहावं असं म्हणण्याचा हक्क पुण्यात बसून लॅपटॉपवर लेख लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. त्यांच्या आजोबांकडे निवड नव्हती. नातवांकडे आहे, आणि ती असणं ही चांगलीच गोष्ट आहे.

पण मग चर्चने इतकी वर्षं केलं ते काय, हा प्रश्न उरतो. मला वाटतं त्याची दोन कामं वेगळी करून बघायला हवीत. कुंपण घालणं हे एक काम. दर आठवड्याला तीच माणसं एका जागी आणून, त्यांना एकमेकांशी बोलायला, गायला, भांडायला, नाती मोजायला कारण देणं हे दुसरं. पहिलं काम संपलं ते बरं झालं. दुसरं अजूनही त्या आवारात होतं. मिस्सा सुटल्यावर बाहेर जे बोलणं चालतं ते कुठल्या भाषेत चालावं याचा हुकूम रोमही काढत नाही आणि मंत्रालयही. 'नॉ लिंग'ला आता जगायचं असेल तर ती तिथे, कुणाची सक्ती नसताना बोलली गेली पाहिजे. ते त्यांच्या हातात आहे.

आपण करू शकतो ते लहान आहे, पण करण्यासारखं आहे. या बोलीला स्वतःची लिपी नाही. देवनागरीत ती लिहिता येते आणि तिच्या बोलणाऱ्यांना देवनागरी शाळेपासून येते. म्हाताऱ्यांच्या गोष्टी आणि गाणी आवाजात जतन करायला आता प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. ते काम पाहुण्याने एका शनिवार-रविवारात उरकण्यापेक्षा गावातल्याच पोरांनी आपल्या आजीसमोर बसून केलं तर जास्त टिकेल. आणि शाळेत मुलाच्या तोंडून घरचा शब्द निघाला तर तो मोडका किंवा हसण्यासारखा नाही, एवढं तरी मराठी शाळेने शिकवावं. कारण या गावात मराठी ही मोठी भाषा आहे, आणि मोठेपणाच्या जबाबदाऱ्या असतात.

मराठीच्या भवितव्याविषयी आपण जी चर्चा करतो ती मला यामुळे थोडी वेगळी दिसू लागली आहे. ऑफिसात इंग्रजी, शाळेत इंग्रजी, मोबाइलवर हिंदी-इंग्रजी, आणि मराठीकडे फक्त घर, अशी वाटणी आमच्या वयाच्या कितीतरी कुटुंबांत झाली आहे. कोर्लईत साठ वर्षांपूर्वी हीच वाटणी झाली, तेव्हा दुसऱ्या बाजूला मराठी होती. आकड्यांत तुलना होऊ शकत नाही. एकीकडे कोट्यवधी लोक, दुसरीकडे हजारभर. पण प्रांत कसे कमी होतात त्याचा क्रम सारखाच आहे. आधी मानाची जागा जाते, मग कामाची, मग लग्न बाहेर होतं, आणि शेवटी आजीला नातवाशी बोलायला भाषांतर लागतं. भाषा वाचवण्याची हाक देताना आपण भावना, अस्मिता, अभिजात दर्जा यांच्याविषयी बोलतो. कोर्लईच्या चर्चने यातलं काहीच केलं नाही. आठवड्यातून एकदा घंटा वाजवून माणसं जमवली, आणि त्यांना एकमेकांशी बोलायला भाग पाडलं. त्यावर एका बोलीची पावणेतीनशेहून जास्त वर्षं निघाली.